घळीचे दोन फाटे

१

रविवारी दुपारी हायडेलबर्गच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कॉफीबरोबर केक असायचा आणि केकच्या शेजारी चिवड्याचा वाडगा. सारा जन्म जर्मनीत काढूनही शुभाला नुसत्या गोडावर दुपार निभावणं जमलं नव्हतं. चारुदत्त चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचे, ती त्यांच्या हातावर चापट मारायची, आणि मग दोघं नेकार नदीच्या बाजूची खिडकी उघडून काहीही न बोलता बसायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

त्या रविवारी मात्र घर भरलेलं होतं. कोलोनहून लेक ज्ञानदा, जावई उत्कर्ष आणि नात ओवी आली होती. उत्कर्षने केकच्या ताटल्या बाजूला सारल्या आणि टेबलावर नकाशा पसरला.

"आल्झो बाबा, ही तुमची घळ." बोलायला लागताना हा जर्मन 'तर मग' त्याच्या तोंडून हमखास निघायचा.

चारुदत्तांनी चष्मा पुसला. जॉर्डनच्या वाळवंटातली ती घळ. ज्ञानदाच्या जन्माच्या आदल्या वर्षी, ते इथल्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचं संशोधन करत असताना, शुभा आणि ते पाठीवर बिऱ्हाड घेऊन तिथे चालले होते. तरुणपणीची ती एकच चैन. ज्ञानदा त्या घळीच्या गोष्टी ऐकत मोठी झाली होती, आणि आता ईस्टरच्या सुट्टीत नवरा आणि मुलीला घेऊन तिथेच निघाली होती.

"दोन रात्रींचाच ट्रेक आहे," उत्कर्ष म्हणाला, "पण इथे मध्यावर घळ दुभंगते बघा. दोन्ही फाटे पुढे या कुंडापाशी परत एकत्र येतात. तिसरी वाट वरून आहे, काठाकाठाने, पण ती घळीत उतरतच नाही. परमिटसाठी रूट आधी कळवावा लागतो. तर तुम्ही सांगा. डावा फाटा की उजवा?"

"डावा," चारुदत्त म्हणाले.

"उजवा," स्वयंपाकघरातून शुभाचा आवाज आला.

ज्ञानदा खळखळून हसली. "झालं! इतक्या वर्षांत एका गोष्टीवर यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही."

"अगं, आम्ही डाव्यानेच गेलो होतो, म्हणून सांगतो," चारुदत्त म्हणाले.

शुभा हात पुसत दारात आली. "काहीतरीच काय! उजव्याने गेलो की आपण. वाटेत काळ्या दगडाची उभी भिंत लागली होती. तुम्हीच म्हणालात, सह्याद्रीतला माणूस भेटल्यासारखं वाटलं म्हणून."

चारुदत्तांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. लाल वालुकाश्म चिरून वर आलेली ती काळी भिंत उजव्या फाट्यातच होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते त्यांनी वाचलेलं होतं. भिंत काही त्यांनी पाहिली नव्हती.

"आई-बाबा, तुम्ही एकाच ट्रिपला गेला होतात ना नक्की?" उत्कर्षने विचारलं, आणि सगळे पुन्हा हसले.

ओवीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती जर्मनच; आजी-आजोबांनाही ती ओमा-ओपा म्हणायची. चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता तिने विचारलं, "म्हणजे ओमा तिकडून एकटीच गेली होती?"

"छे गं राणी," शुभा म्हणाली. "तुझे ओपा होते की माझ्याबरोबर. अगदी सगळी वाट."

२

पाहुणे गेल्यावर चारुदत्त नकाशापाशी बसून राहिले. आपली स्मृती दगा देते आहे का, ही शंका त्यांना हल्ली सकाळ-संध्याकाळ यायची. किल्ली कुठे ठेवली, गॅस बंद केला का, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं नाव काय. स्वतःवर विश्वास न ठेवणं हा त्यांचा स्वभावच होता. प्रबंध लिहून झाल्यावरही त्यांनी तो सादर करायला इतका वेळ लावला होता, की शेवटी मार्गदर्शकांनीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

पण डाव्या फाट्याबद्दल त्यांना शंका नव्हती. असूच शकत नव्हती.

त्या अरुंद वाटेत दोन्ही भिंती डोक्यावर जवळजवळ एकमेकींना टेकल्या होत्या. वर आकाशाची नुसती निळी चीर. ते पुढे चालत होते आणि मागून शुभाच्या बुटांचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि तिने हाक मारली.

"चारुदत्त, थांब ना जरा."

लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. शुभा त्यांना 'अहो' म्हणायची. जर्मनीत आल्यावर बरोबरीच्या बायका नवऱ्यांना सर्रास नावाने हाक मारू लागल्या, पण हिच्या तोंडी ते कधी बसलं नाही. नाव घ्यायचं ते उखाण्यात, असं म्हणून ती हसायची. आणि तिथे, त्या लाल अंधारात, तिने एकदम नावाने हाक मारली होती. वर अरे-तुरे. ते वळले तेव्हा ती भिंतीला टेकून हसत उभी होती. मग तिने त्यांचा हात धरला आणि फाटा संपेपर्यंत सोडला नाही.

त्या एका हाकेवर त्यांचं आयुष्य निघालं होतं. थंडीत शेगडीपाशी हात धरावा तसे ते मनातल्या मनात तिच्यापाशी जाऊन बसायचे. त्याबद्दल ते शुभाशी कधी बोलले नव्हते. बोललं की ती लाजेल आणि ते पुसलं जाईल, अशी काहीतरी वेडगळ भीती होती.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"शुभा, तू मला कधी नावाने हाक मारली आहेस?"

"मी? आणि तुम्हाला?" तिने आमटीची वाटी खाली ठेवली. "आज काय झालंय हो तुम्हाला? लग्नात घास भरवताना घेतलं तेवढंच. तेही मावशी पाठीत गुद्दे घालत होती म्हणून."

"घळीत सुद्धा नाही?"

"घळीत कशाला घेईन?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, लाजही नव्हती. नुसतं नवल होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळघरात उतरले. प्रत्येक भाडेकरूची लाकडी पट्ट्यांनी आडोसा केलेली खोली. त्यात सायकली, सूटकेसा, ज्ञानदाची बर्फावरची घसरगाडी. पारदर्शिकांचा, म्हणजे जुन्या स्लाइड्सचा, खोका सगळ्यांत मागे होता. प्रोजेक्टरसकट तो वर आणताना त्यांना दोनदा जिन्यात बसावं लागलं.

निजायच्या खोलीचे पडदे ओढून त्यांनी चित्रं पांढऱ्या भिंतीवर टाकली. पंखा घरघरू लागला, तापलेल्या धुळीचा वास सुटला. खट्. लाल भिंत आणि मापासाठी ठेवलेला हातोडा. खट्. भिंतीतले वाऱ्याने कोरलेले थर आणि हातोडा. भूगर्भवाल्यांची ही रीतच. उंचीचा अंदाज यावा म्हणून दगडाशेजारी हातोडा ठेवायचा. शुभा त्यावरून त्यांना किती बोलायची! "तुमच्या फोटोंत मी कुठेच नाही, सगळीकडे ती सवत मात्र आहे."

खट्. आकाशाची निळी चीर. हा डावा फाटाच होता. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तिला हाक मारली.

शुभा पलंगाच्या कडेवर बसली. चित्रं पुन्हा एकदा पुढे सरकली. तिने ती नीट, मन लावून पाहिली.

"हातोडा तुमचाच," ती शेवटी म्हणाली. "पण ही जागा मी पाहिलेली नाही हो."

"विसरली असशील."

"असेन." भिंतीवरच्या लाल उजेडात तिचा चेहरा तरुण दिसत होता. "मग हेही विसरायला हवं होतं मला. त्या काळ्या भिंतीपाशी माझी टाच सोलली होती. तुम्ही मला सावलीत बसवलंत. माझा पाय मांडीवर घेऊन बूट काढलात, रुमाल बांधलात. आणि तसेच पाय धरून बोलत बसलात, तुमच्या आईबद्दल."

चारुदत्तांनी पुढचं चित्र सरकवायला उचललेला हात मागे घेतला.

"त्या शेवटच्या आजारपणात तुम्ही शाळेतून आल्यावर त्या तुम्हाला अंकलिपी वाचून दाखवायला लावायच्या. तुम्ही एवढे मोठे, सातवीत, तरी अंकलिपी. कारण त्यांना स्वतःला वाचायला शिकायचं होतं आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कोकरू, खटारा, गवत... आणि 'ण' पर्यंत पोचलात आणि त्या गेल्या."

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"हे तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. ही गोष्ट त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती. शुभाला सांगायचं पुष्कळदा मनात आलं होतं. पण दर वेळी ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागायचे.

"कुणी म्हणजे? तुम्हीच," शुभा म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "तसे तुम्ही नंतर कधीच बोलला नाहीत. मी वाट पाहिली. वाटलं, आता दार उघडलंय, पुन्हा उघडेल. मग म्हटलं, जाऊ दे. एकदा तरी उघडलं."

४

माणसाची स्मृती सांधेजोड करते, हे चारुदत्तांना ठाऊक होतं. त्यांनी त्यावर एकदा एक व्याख्यान ऐकलं होतं. नवरा-बायको वर्षानुवर्षं एकत्र राहिली की एकाचं ऐकलेलं दुसऱ्याचं पाहिलेलं होतं. झोपेत आपण आईबद्दल बोललो असू. तापात बडबडलो असू. तिने त्याला घळीची पार्श्वभूमी जोडली असेल. झालं. एवढंच.

मग त्यांना देवघरातला दगड आठवला.

शुभाच्या देवांत एक काळा दगड होता, मुठीएवढा. घळीतून आणलेला, म्हणून ती त्याला बाळकृष्णाशेजारी बसवायची. चारुदत्तांनी तो कधी हातात घेतला नव्हता. देवाच्या गोष्टींत ते पडत नसत. आज तिची पूजा झाल्यावर त्यांनी तो उचलला, खिडकीपाशी नेला आणि भिंग डोळ्याला लावलं.

काळा, जड, मधूनमधून हिरवे कण. त्या भिंतीचाच. डाव्या फाट्यात असला दगड नव्हता, खालच्या मुख्य घळीतही नव्हता. त्यांच्यातल्या शंकेखोराने लगेच हात वर केला: पुराच्या लोंढ्याने वाहत कुंडापर्यंत आला असेल, तिथे तिला सापडला असेल. पण पाण्याने वाहून आलेल्या दगडाच्या कडा घासून गोल होतात. याच्या कडा अजून बोटाला बोचत होत्या. तो कुणीतरी भिंतीपाशीच उचलला होता.

"तुम्हीच फोडून दिलात," मागून शुभा म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी दगड जागेवर ठेवला. जन्मभर जे शास्त्र शिकवलं त्याने दोन्ही बाजूंनी साक्ष दिली होती. ते डाव्या फाट्याने गेले होते. ती उजव्या फाट्याने गेली होती. आणि दोघांपैकी कुणीही एकटं गेलं नव्हतं.

५

मंगळवारी संध्याकाळी दोघं खिडकीपाशी बसली. नदीवर उतरता उजेड होता. पलीकडच्या टेकडीवर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

"कुंड आठवतं?" चारुदत्तांनी विचारलं.

"आठवतं की. हिरवं पाणी. कडेला बोरूचं बेट."

"हो." त्यांना बरं वाटलं. कुंड एकच होतं. "मी पाणी भरायला वाकलो होतो. तू माझ्या पाठीशी उभी होतीस. बाटली भरून उठलो तर तू समोरच्या काठावर. मी विचारलं, ओलांडलंस केव्हा?"

शुभाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मी तोंड धुवायला वाकले होते," ती म्हणाली. "तुम्ही माझी पिशवी धरून मागे उभे होतात. मान वर केली तर तुम्ही समोरच्या काठावर बाटली घेऊन. मी म्हटलं, पिशवी कुठे टाकलीत?"

"मग?"

"मग तुम्ही पाण्यातून माझ्याकडे आलात."

"तू हसलीस."

"हसले. तुम्ही इतके गोंधळलेले दिसत होतात."

चारुदत्तांना वाटलं, आता तिने विचारू नये. आपणही विचारू नये. डाव्या फाट्यात ज्या हाताने त्यांचा हात धरला होता तो हिचा नव्हता, तर मग तो हात कुठे राहिला? आणि ज्याने हिचा पाय मांडीवर घेतला, जो हिच्याशी बोलू शकला, तो? त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. ओळखीचा कान, ओळखीची कुडी, कानाच्या पाळीवरचा तीळ. तीळ पहिल्यापासून होता का? होता. असणारच. लग्नातल्या फोटोत दिसेल. फोटो काढून बघावा असं त्यांच्या मनात आलं, आणि आपण तो कधीच काढून बघणार नाही हेही त्याच क्षणी कळलं.

त्यांनी मान वळवली तेव्हा शुभाही त्यांच्याकडे तशीच पाहत होती. दुकानात नाणं पारखून पाहतात तशी.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"टाक," ते म्हणाले. ती उठून गेल्यावर ते एकटे बसून राहिले. गेल्या कितीतरी वर्षांत इतकी तिची आठवण त्यांना आली नव्हती, आणि ती तर पलीकडे स्वयंपाकघरात आधणात आलं किसत होती.

६

बुधवारी त्यांनी ज्ञानदाला फोन लावला.

"काठाने जा. वरच्या वाटेने."

"काठाने?" पलीकडून उत्कर्षही ऐकत होता. "अहो बाबा, ती तर नुसती वॉक आहे. घळ बघायला जायचं आणि घळीत उतरायचं नाही?"

"तिथे पाऊस कुठेतरी दूर पडतो आणि लोंढा घळीत येतो. डोक्यावर स्वच्छ ऊन असताना येतो. पळायला जागा नसते. ओवी बरोबर आहे."

"हे रविवारी नाही बोललात."

"रविवारी मी विचार केला नव्हता."

"बाबा," ज्ञानदाचा आवाज मऊ झाला, "खरंच तेवढंच कारण आहे ना? तुम्ही उगाच घाबरत तर नाही? तुम्ही तर लिफ्टलाही घाबरता."

काय सांगणार? फाट्यापाशी हात सोडू नका? शेजारी चालणाऱ्याने तुमच्याशी फारच गोड वागायला सुरुवात केली तर मागे फिरा? शुभाने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"ज्ञानदा, या एका बाबतीत तुझे बाबा आणि मी एक आहोत. काठाने जा."

"आल्झो, मग प्रश्नच मिटला," उत्कर्ष म्हणाला. "कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवं हे."

७

ईस्टरच्या आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर ओवीचा उन्हाने लाल झालेला चेहरा आला.

"ओमा, ओपा! आम्ही एकदम वर आहोत. खाली दोन माणसं आहेत!"

ज्ञानदाने फोन घेतला. वारा तिचे शब्द पळवून नेत होता. "अगं आई, खाली घळ दुभंगते ना, बरोबर तिथे एक म्हातारं जोडपं बसलंय. आम्ही जेवायला थांबलो तेव्हापासून बघतेय. पुढे जात नाहीत, मागे जात नाहीत. सामान काही दिसत नाही. नुसते वर बघतायत."

"आपल्याकडचेच वाटतात," मागून उत्कर्ष म्हणाला. "मी ओरडून विचारलं. उत्तर नाही. ओवीने हात हलवला तर त्या बाईंनी पण हलवला."

ज्ञानदाने फोन खाली वळवला. खडक फिरला, आकाश फिरलं, आणि मग खोल तळाशी दोन वाटा दिसल्या, आणि त्या जिथे फुटत होत्या तिथे दोन ठिपके. चित्र क्षणभर फुटलं, पुन्हा जुळलं. एकमेकांना खेटून बसली होती दोघं. त्याने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला होता. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता.

शुभाने फोन डोळ्यांजवळ नेला आणि कितीतरी वेळ पाहिलं.

"म्हातारे झालेत हो," ती पुटपुटली.

"बाबा, इथून एक पायवाट खाली उतरतेय," उत्कर्षचा आवाज आला. "पाणी देऊन येतो. सगळेच जातो, लगेच परत येऊ."

"उतरू नका," चारुदत्त म्हणाले.

"बाबा, आकाश एकदम साफ आहे. लोंढा-बिंढा काही नाही."

"तरी उतरू नका."

"असं काय करता?" ज्ञानदा चिडली होती. "दोन म्हातारी माणसं उन्हात बसलीत. कुणाचे तरी आई-बाबा असतील ते!"

खाली बसलेल्या त्या ठिपक्याने आडोशाचा हात काढला होता आणि तो आता सरळ चारुदत्तांकडे बघत होता. त्यांना वाटलं, नुसतं 'जा' म्हटलं तर लेक उतरेल, त्या दोघांपाशी जाईल, आणि ती दोघं एकमेकांना काय हाक मारतात ते आपल्याला फोनवर ऐकू येईल. ते ऐकावं असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"उत्कर्ष, ओवीचा हात धर," शुभा म्हणाली. "ज्ञानदा, तू दुसरा धर. आणि आल्या वाटेने मागे फिरा. आत्ता."

"आई, पण ते—"

"दोघं आहेत ना ते," शुभा म्हणाली. ती फोनमध्ये बोलत होती, पण पाहत होती चारुदत्तांकडे. "एकमेकांना आहेत."